शुगर लो झाली की आधी डोकं चालेनासं होतं: घरच्यांनी काय, कधी आणि कसं करायचं

डायबेटिस म्हटलं की आपल्याकडे सगळं लक्ष शुगर वाढण्याकडे, गोड बंद, भात कमी, बटाटा नको, आणि शुगर कमी आली तर घरात उलट आनंदच होतो की बघा किती छान कंट्रोल आलाय. पण जो माणूस इन्सुलिन घेतो, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यातली कुठली गोळी घेतो, त्याच्यासाठी शुगर एकदम खाली जाणं हे जास्त तातडीचं आहे. वाढलेली शुगर नुकसान करायला बहुतेक वेळा वर्षं घेते, उतरलेली शुगर अर्ध्या तासात माणूस आडवा करू शकते. आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही की ज्याची शुगर उतरली त्यालाच ते कळेनासं होतं, कारण कळायचं काम मेंदूचं आणि उपाशी पडलाय तोच. म्हणून हे सगळं मी पेशंटपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या माणसांसाठी जास्त लिहितेय, बायको, मुलगा, सून, ऑफिसातला शेजारी, रिक्षा चालवणारा मित्र, कुणीही.

आधी मेंदूचं गणित समजून घ्या, मग बाकीचं पाठ करावं लागत नाही

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी शरीर जेवढी एनर्जी खर्च करतं त्यातली साधारण २० टक्के एकटा मेंदू वापरतो. दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तासाला साधारण ५ ग्रॅम. आता दुसरी बाजू बघा, मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटरच्या आसपास रक्त, शुगर १०० (म्हणजे दर १०० मिली रक्तात १०० मिलिग्रॅम) असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं फक्त ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. एवढ्याशा साठ्यावर सगळं चाललेलं असतं, आणि लिव्हर मागून सतत भर घालत असतं म्हणून आपल्याला रात्रभर झोपूनही काही होत नाही.

स्नायूंना ग्लुकोज नाही मिळालं तर ते चरबी जाळून काम भागवतात. मेंदूला ती सोय नाही, चरबीतली फॅटी ॲसिड तो इंधन म्हणून वापरू शकत नाही आणि त्याचा स्वतःचा साठा इतका थोडा की काही मिनिटांत संपतो. रक्तात जेवढं ग्लुकोज आहे त्या हिशोबानेच ते मेंदूत जातं, रक्तातलं उतरलं की आत जाणारंही उतरलं, सरळ हिशोब.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, मी नवरात्रात नऊ दिवस उपवास करते, मला तर काही होत नाही. बरोबर आहे, कारण डायबेटिस नसलेल्या माणसाच्या अंगात उपवासात इन्सुलिन खाली जातं, चरबी विरघळायला लागते, लिव्हर त्यातून कीटोन बनवतं आणि मेंदू कीटोनवर चालू शकतो. पण ज्याने इन्सुलिन टोचलंय किंवा इन्सुलिन वाढवणारी गोळी घेतलीय त्याच्या रक्तात इन्सुलिन जास्तच असतं, त्यामुळे लिव्हर साखर सोडायला हात आखडता घेतं आणि चरबीही बाहेर येत नाही, कीटोन बनत नाहीत. मेन लाइन गेली आणि इन्व्हर्टरही बंद, अशी अवस्था. त्यामुळे उपवासाची तुलना डायबेटिसच्या माणसाशी करूच नका.

कुठला आकडा म्हणजे काय

मशीनवर ७० च्या खाली आलं की लो. ५४ च्या खाली म्हणजे मेंदूला खरोखर कमी पडायला लागलंय, हे गंभीर. आणि तिसरी पायरी आकड्याने ठरत नाही, माणसाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येत नाही अशी स्थिती आली की ती सीव्हियर, मग मशीन काहीही दाखवो. परदेशात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांची मशीन वेगळ्या मापात दाखवते, तिथे ७० म्हणजे ३.९ आणि ५४ म्हणजे ३.०, लंडनहून मुलगा फोनवर ४ सांगतो आणि इथे आईच्या काळजाचा ठोका चुकतो, असं होऊ नये म्हणून सांगितलं.

शरीर आपल्या परीने आधी अलार्म वाजवतं. शुगर ७० च्या आसपास आली की ग्लुकागॉन आणि ॲड्रेनालिन ही शुगर वर आणणारी हार्मोन्स सुटतात, आणि त्या ॲड्रेनालिनमुळेच छातीत धडधड, हात थरथरणं, दरदरून घाम, एकदम खवळलेली भूक. हा शरीराचा आरडाओरडा आहे. त्याच्याही खाली, साधारण ५० च्या आसपास, मेंदूची स्वतःची लक्षणं सुरू होतात. तेव्हा विचार करणं, निर्णय घेणं, शब्द सापडणं, स्वभाव आवरणं हे सगळं आधी बिघडतं. श्वास आणि हृदय सांभाळणारा मेंदूचा खालचा भाग त्या मानाने जास्त वेळ तग धरतो. म्हणून माणूस उभा असतो, बोलतो, चालतो, पण डोकं ठिकाणावर नसतं, आणि त्यामुळेच बघणारे फसतात. आणखी खाली गेलं की फिट येणं, बेशुद्धी.

पायरी १: ओळखायचं कसं

घाम आणि थरथर सगळ्यांना माहीत असते, मी बाकीच्याबद्दल सांगते. नेहमी शांत असलेला माणूस विनाकारण चिडला, उगाच हट्टाला पेटला, बोलता बोलता जीभ जड झाली, एकच वाक्य दोनतीनदा म्हणाला, टक लावून बघत राहिला, ओळखीच्या गल्लीत वळण चुकला, मोबाइलचा लॉक उघडता येईना, तर आधी शुगर बघा आणि मग बाकीचं.

माझ्या सासूबाई इन्सुलिनवर आहेत. एकदा संध्याकाळी त्या मेथी निवडत बसल्या होत्या, मी शेजारी कणीक मळत होते, आणि माझं लक्ष गेलं तर पानं केराच्या कागदावर पडतायत आणि देठं परातीत जमा होतायत, अगदी व्यवस्थित, एकेक करून. कपाळावर घाम नव्हता, हात थरथरत नव्हते. मी म्हटलं, आई, जरा शुगर बघू या का, तर एकदम कडाडल्या, "तुला काय वाटतं, मला कळत नाही का? गुपचूप काम कर तुझं." त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वाद न घालता बोट टोचलं, ४८. ग्लुकोजचं पाणी दिलं, ते घेतानाही कुरकुर चालूच, आणि नंतर बऱ्या झाल्यावर त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं, ना ओरडणं ना मेथी. म्हणून जीव तोडून सांगते, अशा वेळी माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आकड्यावर ठेवायचा. आणि त्या वेळच्या बोलण्याचं वाईटही वाटून घ्यायचं नाही.

आपल्याकडे याचे गैरसमज पण ठरलेले आहेत. बीपी लो झालं म्हणून मीठ-लिंबाचं पाणी पाजतात, त्यात साखर नसेल तर शुगरला त्याचा काडीचा उपयोग नाही. बसमध्ये, स्टेशनवर तोल जाणारा माणूस दिसला की दारू प्यायलाय म्हणून लोक बाजूला सरकतात. फिट आली म्हणून कांदा हुंगवतात. कधी कधी लो शुगरमध्ये एका बाजूचा हातपाय लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, हुबेहूब लकवा, आणि साखर दिली की परत सरळ होतं. आपण घरी लकवा की शुगर ठरवत बसायचं नाही, ॲम्ब्युलन्सला फोन लावायचाच, पण तो लागेपर्यंत बोट टोचून शुगर बघायची.

रात्रीचं वेगळं आहे. झोपेत घाम येऊन कपडे, उशी ओली होणं, भयानक स्वप्नं, झोपेत बरळणं, सकाळी डोकं जड आणि अंगात त्राण नाही, हे वरचेवर होत असेल तर पहाटे ३ च्या सुमाराला उठून एकदोन रात्री शुगर बघा.

पायरी २: मोजायचं, पण हात धुऊन

बोटाला गूळ, फळ, साखर काहीही लागलेलं असेल तर मशीन खोटा वाढीव आकडा दाखवते, खरी शुगर ५५ असताना १३० दिसू शकते, म्हणून हात धुऊन कोरडे करून पहिला थेंब घ्या. स्ट्रिपची तारीख बघा, डबीचं झाकण घट्ट लावा. दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर लक्षात ठेवा की तो रक्त मोजत नाही, त्वचेखालचं पाणी मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो, शुगर वेगाने उतरताना त्यावर ८० आणि बोटातून ६० असं होऊ शकतं. लक्षणं आणि सेन्सर जुळत नसतील तर बोट टोचा. मशीन हाताशी नसेल तर शोधाशोध करत बसू नका, लो आहे असं धरून साखर द्या, १५ ग्रॅम साखरेने वाढलीच शुगर तर थोडी वाढेल, ते परवडलं.

पायरी ३: १५ ग्रॅम द्या, १५ मिनिटं थांबा

माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतोय, तर १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर. म्हणजे ग्लुकोज पावडर चहाचे ३ भरलेले चमचे पाण्यात, किंवा साधी साखर ३ चमचे पाण्यात विरघळवून, किंवा साधारण १५० मिली फळांचा गोड रस नाहीतर नेहमीचं कोल्ड ड्रिंक, डाएट लिहिलेलं अजिबात नको, त्यात साखरच नसते. गूळ चालतो पण पाण्यात कालवून, गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात खडा कोंबू नका. लहान मुलांना यापेक्षा कमी लागतं, किती ते मुलाच्या डॉक्टरांकडून आधीच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

पेढा, बर्फी, चॉकलेट, शेंगदाण्याची चिक्की यावेळी नको. गोड असतात पण त्यातल्या तुपामुळे, तेलामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो आणि इथे वेळच तर नाहीये. बिस्किटं, केळं, पोळी हे नंतरचं काम.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं नाव आहे का बघा, आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोज बऱ्याचदा असतं. ही औषधं आतड्यात साधी साखर फुटू देत नाहीत, त्यामुळे साखरपाणी, गूळ, कोल्ड ड्रिंक याचा परिणाम उशिरा होतो. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच द्यायची, ती फोडावी लागत नाही. त्यांच्या घरात आणि पिशवीत ग्लुकोजचंच पाकीट हवं, नुसती साखर नाही.

मग १५ मिनिटं घड्याळ लावून थांबा, परत मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम. हे १५ मिनिटं थांबणं फार जड जातं कारण उपाशी मेंदू खा खा म्हणून ओरडत असतो आणि घरचेही घाबरून डबाच्या डबा पुढे करतात, मग दोन तासांनी शुगर ३०० आणि दुसऱ्या दिवशी डोस वाढवायचा की काय यावर चर्चा. ७० च्या वर आली आणि पुढचं जेवण तासाभराच्या पुढे असेल तर काहीतरी टिकणारं द्या, अर्धी भाकरी, पोळी-भाजी, दूध-बिस्किट, जे घरात असेल ते.

पायरी ४: शुद्ध हरपली असेल तर

तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. गिळता येत नसताना ओतलेलं श्वासनलिकेत जातं आणि माणूस त्याने दगावू शकतो. कुशीवर झोपवा, तोंड थोडं खाली झुकलेलं, कॉलर सैल करा, १०८ ला फोन करा, "डायबेटिसचा पेशंट आहे, बेशुद्ध आहे, इन्सुलिन घेतो" या तीन गोष्टी पहिल्या वाक्यात सांगा. फिट येत असेल तर दाबून धरू नका, दातखीळ उघडायला चमचा घालू नका.

डॉक्टरांनी ग्लुकागॉन लिहून दिलेलं असेल आणि घरात असेल तर ते द्या, ते लिव्हरला साठवलेली साखर सोडायला लावतं. पण माणूस दारू प्यायलेला असेल किंवा बराच काळ उपाशी असेल तर लिव्हरमध्ये साठाच नसतो, मग त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून ग्लुकागॉन दिलं तरी ॲम्ब्युलन्स रद्द करायची नाही. दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, देतात आणि बहुतेक लोक काही मिनिटांत डोळे उघडतात.

इथे घरचे "आता बरे आहेत, घरी नेतो" म्हणतात. गोळीमुळे शुगर उतरली असेल, आणि त्यात किडनी कमजोर असेल, तर ती गोळी अंगात दिवसभर, कधी त्याहून जास्त काम करत राहते आणि शुगर परत परत उतरते. डॉक्टर ॲडमिट करा म्हणाले तर करा.

पायरी ५: आकडा वर आला म्हणजे डोकं वर आलं असं नाही

शुगर १०० झाली तरी मेंदू पूर्ण सावरायला पाऊण तास, कधी जास्तही लागतो. तोपर्यंत गाडी चालवणं, गॅससमोर उभं राहणं, पैशाचे व्यवहार, पुढचं इन्सुलिन स्वतः भरणं हे नको. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवर असणाऱ्या ड्रायव्हरांना नियमच आहे की लो झाल्यावर शुगर नॉर्मल येऊन ४५ मिनिटं झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आपण टू व्हीलरवाल्यांनी तरी तो स्वतःहून पाळावा.

पायरी ६: का झालं ते त्याच दिवशी शोधा

आमच्याकडे कारणं बघितली तर बहुतेक रोजच्या जगण्यातली असतात. इन्सुलिन टोचून लग्नाला गेले आणि पंगत दोन तास उशिरा बसली. चतुर्थी होती, गोळी नेहमीसारखी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही. जुलाब लागले, खाणं बंद पण डोस चालू. खूप दिवसांनी गड चढून आले किंवा वारीत चालले आणि त्याच रात्री शुगर उतरली, कारण रिकामे झालेले स्नायू पुढे कित्येक तास रक्तातलं ग्लुकोज ओढत राहतात. रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ झाली, मग एक दिवस नवीन जागी टोचलं आणि तोच डोस जास्त लागू पडला.

एक कारण मात्र बाकीच्यांपेक्षा भयंकर आहे आणि ते पूर्ण टाळता येतं. आपल्या देशात इन्सुलिनची बाटली ४० युनिटची पण मिळते आणि १०० युनिटची पण, पेनमधलं इन्सुलिन १०० चं. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने भरलं तर डोस थेट अडीचपट जातो, २० च्या जागी ५०. पेन बिघडलं म्हणून त्याच्यातलं इन्सुलिन घरातल्या सिरिंजने ओढणं हा प्रकार कधीच करू नका, आणि मेडिकलमधून आणताना बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा काउंटरवरच जुळवून घ्या.

आणि वयस्कर माणसाची शुगर काही न बदलता अचानक छान यायला लागली, तर पेढे वाटायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. किडनी मंदावली की इन्सुलिन आणि गोळ्या अंगात रेंगाळतात.

पायरी ७: अलार्मच बंद पडला असेल तर

वारंवार लो होणाऱ्या माणसात शरीर हळूहळू ओरडायचंच सोडून देतं. टाइप १ मध्ये, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, काही वर्षांत ग्लुकागॉनचा प्रतिसाद जातो, उरतं ॲड्रेनालिन, तेही दर लो नंतर थोडं बोथट होतं. मग ५० ला घाम नाही, धडधड नाही, थेट गोंधळ. बीपी, हृदयासाठी काही बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो, तेवढी एक खूण राहते. चांगली गोष्ट ही की डॉक्टरांच्या मदतीने २ ते ३ आठवडे एकही लो होऊ दिली नाही तर बऱ्याच जणांचा अलार्म परत येतो.

याच्या उलटही असतं. महिनोन्‌महिने ३०० वर असलेल्या माणसाची शुगर औषधाने १०० वर आली की त्याला लो झाल्यासारखंच वाटतं. मोजा, ७० च्या वर असेल तर साखरपाणी नको, जेवणाची वेळ झाली असेल तर जेवा, काही आठवड्यांत सवय होते.

पायरी ८: डॉक्टरांना काय सांगायचं

लो झालं की तारीख, वेळ, आकडा, आधी काय खाल्लं, कुठली गोळी किती वाजता, एवढं वहीत लिहा आणि वही घेऊन जा, तोंडी सांगताना आपण निम्मं विसरतो. पेशंट "एखाद्‌वेळेस होतं" म्हणून उडवून लावतो, त्यामुळे घरच्यांपैकी एकाने आत जाऊन बसावं. वयस्कर माणसांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १६ हजारांहून जास्त टाइप २ च्या वयस्कर पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यात ज्यांना लो शुगरमुळे दवाखान्यात जावं लागलं होतं त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण जास्त दिसलं. यात एकामुळेच दुसरं झालं असं ठाम म्हणता येत नाही, विसरायला लागलेला माणूस डोस दोनदा घेतो, जेवण चुकवतो, म्हणजे गोष्ट दोन्ही बाजूंनी असू शकते. पण म्हणूनच अशक्त किंवा विसरभोळ्या झालेल्या आजी-आजोबांसाठी डॉक्टर बऱ्याचदा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८ पर्यंत चालेल असं ठरवतात, तेव्हा "शेजारच्यांचं तर साडेसहा आहे" म्हणून आग्रह धरू नका. थेट विचारा, यांच्यासाठी टार्गेट किती, ही गोळी बदलून लो न करणारी देता येईल का, उपवासाच्या आणि आजारपणाच्या दिवशी डोस किती घ्यायचा. स्वतःहून मात्र काही बंद करू नका, टाइप १ असेल तर इन्सुलिन एक दिवसही पूर्ण सोडायचं नाही, लो झालेल्या दिवशीसुद्धा.

ग्लुकोजची पाकिटं उशाशी एक, गाडीच्या डिकीत एक, पर्समध्ये एक, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आणि पाकिटात चिठ्ठी, "मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो, विचित्र वागत असेन आणि गिळू शकत असेन तर ग्लुकोज पाणी द्या, बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा", खाली घरच्यांचा नंबर, मराठीत आणि प्रवासात असाल तर हिंदीतही. आणि दर सहा महिन्यांनी ती पाकिटं बदला, पावसाळ्यात ओल लागून पावडरीचा दगड होतो आणि तो ऐन वेळी विरघळत नाही.